एक गाडी, दोघे चालक

श्रोतेहो, नमस्कार.

चोर्ला नाहीतर अनमोड घाट ज्यांनी गाडीनं चढलाय, त्यांना चढ काय आणि वळण काय हे मी सांगायला नको. अशाच चढाच्या रस्त्यावर, तो पूर्ण बंद ठेवून, मोटारींची शर्यत लावतात. तिला हिलक्लाइंब म्हणतात. एका वेळी एकच गाडी सुटते. शेजारी कोणी नाही, मागे कोणी नाही, स्पर्धा घड्याळाशी. पुन्हा सांगतो, एका वेळी एकच गाडी. इंग्लंडात शेल्सली वॉल्शला १९०५ पासून हे चाललंय, अमेरिकेत पाइक्स पीकला १९१६ पासून. पाइक्स पीकच्या रस्त्याला तर १५६ वळणं आहेत.

मी पाहिली ती इंग्लंडातल्याच प्रेस्कॉटची शर्यत. माझा भाचा स्विंडनला असतो. आपल्या गोव्याची किती घरं तिथं आहेत, तुम्ही जाणताच. तो म्हणाला, "मामा, लंडन नंतर बघू, आधी प्रेस्कॉट." जागा बुगाटी ओनर्स क्लबची, म्हणजे बुगाटी मोटारींच्या मालकांच्या क्लबची, शर्यती १९३८ पासूनच्या. रस्ता ११२७ यार्डांचा, म्हणजे किलोमीटरभर. वेगवान गाड्या तो चाळीस सेकंदांच्या आत संपवतात.

तिथं आमच्या अगदी समोर एक कुटुंब होतं. वडील साठीचे, आई, आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. गाडी एकच, एका माणसापुरती, चाकं उघडी. मूळची फॉर्म्युला फोर्ड नावाच्या शर्यतप्रकारातली. तिचं इंजिन काढून त्यांनी घरच्या गॅरेजात मोटारसायकलचं बसवलेलं. मागची चाकं चेननं फिरायची. रिव्हर्स गिअर नाही, त्यामुळे गाडी मागे घ्यायची तर तिघांनी ढकलायची. या खेळात एकच गाडी दोघांना चालवता येते, प्रत्येकाची वेळ वेगळी धरतात. आधी वडील वर जाऊन यायचे. मग त्यांची सीट काढून मुलीची बसवायची, पट्टे आवळायचे, आणि तोवर आई चारही टायरची हवा मोजून वहीत लिहायची.

दुपारी वडील खाली आले ते चेन तुटून. मुलीची पाळी तोंडावर आलेली. आईनं बिस्किटाच्या डब्यातून जोडकडी शोधून काढली, आणि मुलगीच गाडीखाली गेली. वडील नुसते उजेडासाठी टॉर्च धरून बसले. कडीची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते तिकडे हवं, नाहीतर क्लिप उडते. मुलीनं घाईत उलटी लावली. आई वरून एवढंच म्हणाली, "बघ." मुलीनं पाहिलं, क्लिप काढली, फिरवून लावली.

आपल्याकडे पोरगा अठराचा झाला की त्याला दुचाकी घेऊन देतात, पाना मात्र हातात देत नाहीत. आणि गाडी बंद पडली की मुलीला सावलीत उभं करतात. मला हे पटत नाही. स्पार्क प्लग काढायला आणि टायर बदलायला दोघांनाही घरातच शिकवावं.

असो. गाडी चढावर उभी राहिली. अनमोडात ट्रकचा क्लीनर चाकामागे दगड लावतो ना, तसा तिथल्या माणसानं मागच्या चाकाला ठोकळा लावला. गाडीच्या नाकावर एक उभी काळी पट्टी असते. ती प्रकाशाचा किरण कापते तेव्हा घड्याळ सुरू होतं. लक्षात घ्या, हिरवा दिवा लागला म्हणून घड्याळ सुरू होत नाही, गाडी हलली की होतं. मुलीनं दिवा हिरवा झाल्यावरही एक श्वास घेतला, मग सोडली. पार्डन नावाचं उलटं वळण आहे, तिथं गाडीची शेपटी सरकली, तिनं सावरली. कर्ण्यावर वेळ पुकारली, वडिलांपेक्षा काही शतांशांनी कमी! वडिलांनी आईला मिठीच मारली, आणि भाच्यानं मला.

रात्री चोर्ल्यात मोटारसायकली पळवणारी आपली पोरं मी पाहतो तेव्हा जीव तुटतो. हौस खरी आहे, हात चांगले आहेत. त्यांना दिवसाढवळ्या बंद केलेला रस्ता, वळणावळणावर झेंडेवाले आणि खाली उभी रुग्णवाहिका मिळायला हवी. घाट आपल्याकडे आहेतच.

तुमचं कोणी स्विंडनला असेल तर उन्हाळ्यात जाल तेव्हा प्रेस्कॉटला न्यायला सांगा. गाड्या जिथं दुरुस्त करतात त्या बागेत प्रेक्षकांना थेट फिरू देतात. मुलांना बरोबर न्या, मुलींना तर न्याच. नमस्कार.