काळारामाच्या दारातून येवल्याकडे: गडद निळ्याची गोष्ट

(दृश्य: नाशिक रोड. प्रेसची पाळी सुटल्यावरची गर्दी.)

घरात पासपोर्ट असेल तर एकदा कपाटातून काढून बघा. तुम्ही राहता कोल्हापुरात, नाहीतर नांदेडात. त्या पुस्तिकेचं माहेर मात्र इथं, नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. राजनैतिक अधिकाऱ्यांना मरून रंगाचा पासपोर्ट मिळतो, सरकारी कामावर जाणाऱ्यांना पांढरा. तुम्हाआम्हाला गडद निळा, इतका गडद की कमी उजेडात काळाच वाटावा. तिरंग्यातलं २४ आऱ्यांचं चक्रही याच निळ्याचं.

(दृश्य: पाण्यातून वर येणारं ओलं कापड.)

हा रंग पूर्वी शेतात पिकायचा. निळीचा पाला पाण्यात कुजवायचा, मग ते पाणी तासन्‌तास घुसळायचं, की तळाशी निळा गाळ बसतो. गंमत अशी, की रंगाच्या पिंपातून कापड बाहेर येतं ते पिवळट हिरवं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. युरोपला या निळीची अशी काही भूक होती, की बंगालमध्ये मळेवाल्यांच्या जाचाविरुद्ध शेतकरी १८५९ मध्ये उठले. चंपारण्यात बिघ्यातल्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठे नीळ लावायची सक्ती होती; गांधीजी १९१७ मध्ये तिथं गेले ते त्यासाठीच. तोवर जर्मनीची कारखान्यातली नीळ बाजारात येऊन २० वर्षं झाली होती. आणि हो, आजोबांची पांढरी टोपी ज्या निळीत बुडवायचे, ती या झाडाची नव्हेच. ती वेगळी, कारखान्यात बनलेली पूड.

(दृश्य: पंचवटी, संध्याकाळ. काळाराम मंदिराचा दरवाजा.)

आता गोदेच्या काठी येऊ. तिन्हीसांजेला दिवा लावून रामरक्षा म्हणणारी घरं नाशिकात अजून पुष्कळ आहेत. तिच्यात रामाचा वर्ण येतो नीलोत्पलश्याम, निळ्या कमळासारखा सावळा. पंचवटीतली मूर्ती काळ्या पाषाणाची, म्हणून काळाराम. सरदार ओढेकरांनी पेशवाईत उभारलेलं देऊळही काळ्या दगडाचं. कॅलेंडरवरचा राम निळा आणि गाभाऱ्यातला काळा, यात कुणा भाविकाला कधी काही खटकलेलं नाही.

खटकलं ते दार, कारण अस्पृश्य मानलेल्यांना त्यातून आत प्रवेश नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक देवळापाशी आली, तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया, अशी पहिली तुकडी चारही दारांपुढे बसली. बायाबापड्यांना पुढं बसायला लावलं, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं; त्या आपल्या पायांनी आल्या होत्या. लढ्याचा रोजचा भार वाहिला तो दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे दादासाहेबांनी. रामनवमीला रथाच्या वादातून दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. दार काही उघडलं नाही.

त्या दिवसांची चित्रं काढताना हल्ली सत्याग्रहींच्या हातात सर्रास निळा झेंडा दाखवतात. पण तो तेव्हा नव्हता. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, त्याचाही झेंडा लाल होता. निळा आला १९४२ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या त्यांच्या पुढच्या पक्षाबरोबर, आणि १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्षानं तो पुढं नेला. निळाच का, असं विचारलं तर पुष्कळ जण वर बोट दाखवतात: आभाळाखाली सगळे सारखे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की देवळाचा नाद सोडल्यावर हा रंग हाती आला.

तो नाद सुटला, तेही याच जिल्ह्यात.

(दृश्य: येवला. मुक्तिभूमी.)

१३ ऑक्टोबर १९३५. येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून जन्मलो, ते काही आपल्या हातात नव्हतं. पण हिंदू म्हणून मरणार नाही. ती जागा आता मुक्तिभूमी. दरवर्षी त्या तारखेला तिथं लोक लोटतात.

(दृश्य: हातमाग. धोटा, रेशमाचा ताणा.)

याच येवल्यात पैठणीचे माग चालतात. निळा ताणा (उभे धागे) आणि हिरवा बाणा (आडवे धागे) एकमेकांत गेले, की लुगडं हलेल तसा मोरपंखी रंग पालटतो. गडद निळ्यावर जरीकाम जितकं उठतं तितकं फिक्यावर नाही. रेशीम आता बहुतेक रासायनिक रंगातच बुडतं. निळीच्या पाल्याशी त्याचा संबंध उरलेला नाही. किंमत ऐकून बहुतेक जण नुसता पदर हातात घेऊन बघतात आणि परत ठेवतात.

(दृश्य: गावच्या चौकातला पुतळा. रंगारी शिडीवर.)

लुगडं परवडो न परवडो, निळा कोट मात्र जिल्ह्यातल्या गावोगावी उभा आहे. बाबासाहेबांचा पुतळा, हातात संविधान. ज्यांनी अंगावर काय घालावं हेही गाव ठरवत असे, त्यांनी आपल्या माणसाला चौकात थ्री-पीस सूट घातला, आणि तोही खणखणीत निळा. उन्हापावसात तो विटतो, म्हणून १४ एप्रिल जवळ आला की वर्गणी निघते. रंगाचा डबा आणायला गेलेल्या पोराला दुकानदार छटा विचारत बसत नाही.