सालोचा गास्पारो

उत्तर इटलीतलं गार्दा सरोवर. काठावरचं सालो गाव. गास्पारो बेर्तोलोत्तीचा जन्म इथला, १५४० सालचा. घराणं वादकांचं. तंतुवाद्यं घडवणाऱ्या या कारागिराला जगानं मात्र गावाच्या नावानंच ओळखलं: गास्पारो दा सालो.

विशीत तो ब्रेशियाला आला. तंतुवाद्यांसाठी हे शहर आधीपासूनच नावाजलेलं. तिथे त्यानं स्वतःचा कारखाना थाटला आणि त्याची वाद्यं थेट फ्रान्सपर्यंत जाऊ लागली. १५८८ च्या करविवरणात तो तक्रार करतो, की फ्रान्सला माल आता पूर्वीसारखा जात नाही.

व्हायोलिनचा शोध त्यानंच लावला, असं बराच काळ सांगितलं गेलं. ते खरं नाही. सारोन्नोच्या चर्चमधल्या घुमटात गाउदेन्त्सियो फेर्रारीनं रंगवलेले देवदूत त्याच्या जन्माआधीच ही वाद्यं वाजवताना दिसतात. पण गास्पारोचं मोठेपण या दाव्यावर अवलंबून नाहीच.

(दृश्य: व्हायोलाची, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या भावंडाची, वरची फळी, अगदी जवळून)

फळीवरची ही दोन छिद्रं पाहा. लांब, जवळजवळ उभी, टोकांना अणकुचीदार. डावं उजव्याशी तंतोतंत जुळत नाही. पटाशीच्या खुणा तशाच राहिल्यात. त्याच काळात क्रेमोनात आंद्रेया आमाती कंपासनं आखून, घासूनपुसून देखणी वाद्यं घडवत होता. त्या मानानं गास्पारोचं काम अनेकांना ओबडधोबड वाटलं. मला ते पटत नाही. ज्याला आवाज हवा होता, त्यानं कडा गुळगुळीत करण्यात वेळ घालवला नाही, एवढंच.

आणि आवाज कसला! त्याचे व्हायोला पाहा: पेटी मोठी, फुगवटा बेताचा, वॉर्निश गडद तपकिरी. स्वर खोल, भरदार. त्या काळी कित्येक व्हायोला इतके मोठे असत, की पुढच्या पिढ्यांतल्या वादकांच्या हाताला ते पेलेनात. मग ते कापून लहान केले गेले. मूळ मापाचं वाद्य म्हणूनच आज इतकं दुर्मीळ.

बोतिचिनो गावचा जोव्हान्नी पाओलो माज्जिनी त्याच्याकडे शिकला आणि ब्रेशियाची ही रीत त्यानं पुढे नेली. १६०९ मध्ये गास्पारो गेला.

त्याच्या वाद्यांची पारख नंतर कुणी केली? व्हेनिसचा दोमेनिको द्रागोनेत्ती, डबल बासचा, म्हणजे उभ्यानं वाजवायच्या त्या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याचा, त्याच्या काळातला सर्वांत मोठा वादक. लंडन गाजवणाऱ्या या माणसाचं लाडकं वाद्य गास्पारोच्या हातचं होतं. १८४६ मध्ये तो वारल्यावर ते व्हेनिसच्या सेंट मार्क बॅसिलिकाकडे गेलं.