लॉगबुकातला एक तास: वैमानिकाचं डिजिटल खातं

[दृश्य: गोंदियाचा बिरसी विमानतळ, सकाळ. प्रशिक्षणाच्या विमानाची चाकं.]

गोंदियाहून नागपूरला निघालेलं हे छोटं विमान. चाकांपुढचे चोक, म्हणजे अडसराचे ठोकळे, काढले आणि विमान उड्डाणासाठी जागचं हललं, की वैमानिकाचा उड्डाणकाळ सुरू झाला. नागपूरला पार्किंगमध्ये ते थांबेपर्यंत तो चालू. जमिनीवर चाकांवर चालण्यात (टॅक्सी), धावपट्टीपाशी ताटकळण्यात गेलेली मिनिटंही त्यात आली. हवेत घालवलेला वेळ वेगळा. तो चाकं उठल्यापासून टेकेपर्यंतचा, म्हणजे कमीच. एकाच उड्डाणाचे हे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नये. पानामागून पान तंतोतंत जुळत असतील, तर मात्र शंका घ्यावी.

[दृश्य: कागदी लॉगबुक, शाईतल्या नोंदी. मग लॅपटॉपवर ई-लॉगबुक.]

विमान नियम, 1937 मधल्या नियम 67अ प्रमाणे प्रत्येक वैमानिकाला स्वतःचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, ठेवावं लागतं आणि शेवटच्या नोंदीनंतर निदान पाच वर्षं जपावं लागतं. आता डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ई-जीसीए पोर्टलवर ई-लॉगबुक आहे. नोंद वैमानिकाने भरायची आणि फ्लाइंग स्कूलच्या किंवा विमान कंपनीच्या अधिकृत माणसाने तपासून मान्य करायची. फोनवरचं खासगी अ‍ॅप कितीही देखणं असलं, तरी मान्यतेशिवाय ते घरचं टिपण. 2011 मध्ये राजस्थानात न झालेली उड्डाणं लॉगबुकात दाखवल्याचं प्रकरण गाजलं, अटकाही झाल्या. खोटा तास संगणकातही भरता येतो. तो पकडला जातो तो दुसऱ्या कागदाशी ताडून: ऑथोरायझेशन बुक (उड्डाणाच्या परवानगीची वही), विमानाचं टेक लॉग (विमानाची स्वतःची नोंदवही), एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची नोंद, इंधनाची पावती.

व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, एकूण 200 तास लागतात. त्यातले 100 पीआयसी, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून, 20 तास पीआयसी असताना क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारं उड्डाण, आणि 5 तास रात्रीचे, दहा टेकऑफ आणि दहा लँडिंगसह. म्हणून नुसती बेरीज पुरत नाही. प्रत्येक मिनिट योग्य रकान्यात पडायला हवं. प्रशिक्षक शेजारी बसून शिकवत असेल, तर पीआयसी तो. विद्यार्थ्याचा वेळ ड्युअलमध्ये, म्हणजे प्रशिक्षकासोबतच्या रकान्यात. सोलो, म्हणजे एकट्याचं उड्डाण असेल तर विद्यार्थी पीआयसी. सिम्युलेटरचा वेळ वेगळ्या रकान्यात. तो उड्डाणाच्या एकूण तासांत मिसळला, की पुढचं सगळं गणित फुगतं.

[दृश्य: पडद्यावर एक नोंद, जवळून. कर्सर वेळेच्या चौकटीत.]

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेळेचा. समजा, विमान दुपारी दोनला निघालं. ई-लॉगबुकात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, भरायचा असेल, तर आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे: 0830. कुणी सवयीने 1400 टाकलं, तर अ‍ॅपच्या लेखी विमान संध्याकाळी साडेसातला निघालं. अ‍ॅप विमानतळाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख घेऊन रात्र स्वतःच ठरवतं. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर गेला, की रात्र. आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत ती होते. झालं, भर उन्हातलं उड्डाण रात्रीच्या रकान्यात जाऊन बसतं. विद्यार्थ्याला वाटतं, पाच तास भरले. तपासणाऱ्याने टेक लॉग उघडलं, की उत्तर देणं अवघड. तारखेचंही तेच: 12 तारखेला पहाटे तीनला निघालेलं विमान यूटीसीप्रमाणे 11 तारखेच्या 2130 ला निघालेलं असतं.

दुसरा खड्डा दशांशाचा. विमानातला तास मोजणारा हॉब्ज मीटर 1.2 दाखवतो, त्याचा अर्थ 1 तास 12 मिनिटं. 1 तास 20 नव्हे. 0.1 म्हणजे सहा मिनिटं. शिवाय अनेक विमानांत हा मीटर इंजिन सुरू होताच पळू लागतो, विमान हललेलं नसलं तरी. तेव्हा चोकची वेळ घड्याळ बघून लिहायची आणि मीटर पडताळ्यापुरता ठेवायचा.

एक्सेलमध्ये हिशोब ठेवणाऱ्यांनी बेरजेच्या चौकटीला तासांचा चौकोनी कंसातला फॉरमॅट, [h]:mm, द्यावा. नाहीतर प्रत्येक 24 तासांनंतर बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू झाल्यासारखी दिसते, आणि 31 तासांचे सात होतात. मध्यरात्र ओलांडणाऱ्या उड्डाणात नुसती वजाबाकी केली, तर चौकटीत फक्त ####. त्यासाठी मॉड (MOD) फंक्शन.

[दृश्य: कागदावर एक रेघ मारून केलेली दुरुस्ती.]

कागदावर चूक एका रेघेने खोडतात, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही करतात. डिजिटल लॉगबुकातही जुना आकडा, बदलाची तारीख आणि बदलणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे. मान्य झालेली ओळ गुपचूप बदलता येणारं सॉफ्टवेअर या कामाचं नाही, मग ते फुकट का असेना.

कागदावरून डिजिटलवर येताना बरेच जण शेवटच्या पानावरची बेरीज उचलून 'आरंभीची शिल्लक' म्हणून टाकतात. ते टाळावं. तिसऱ्या पानावर चुकलेली बेरीज मग कायमची तशीच चालू राहते. ओळ न ओळ पुन्हा भरायची, पानापानाची बेरीज जुळवायची, आणि जुनी वही तरीही जपून ठेवायची.

दर महिन्याला पीडीएफ आणि सीएसव्ही अशी दोन्ही प्रत काढून दोन वेगळ्या जागी ठेवावी. आणि शाळा सोडण्याआधी एकही ओळ मान्यतेसाठी अडकलेली राहू देऊ नये. सीएफआय, म्हणजे शाळेचे मुख्य उड्डाण प्रशिक्षक, बदलले, शाळा बंद पडली, की तोच एक तास सिद्ध करायला महिने जातात.