गाडी गरम असतानाच मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की आपल्याकडे कुणी त्यावर काळी चिकटपट्टी लावतं, तर कुणी स्कॅनरवर ज्याचं नाव आलं तो सेन्सर आणून बसवतं. चिकटपट्टीवाल्याचे निदान पैसे तरी वाचतात.

स्कॅनरवर कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर, आला म्हणजे सेन्सर गेला, असं नसतं. त्या सेन्सरच्या सर्किटमधून येणारा आकडा ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, पटत नाही, एवढंच कोड सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, वायरी जोडणारा कपलर आला, वायर आली, अर्थिंग आलं. उंदराने वायर कुरतडली तरी कोड तोच येतो. म्हणून आधी मोजायचं, मग बदलायचं. ४००-५०० रुपयांत मल्टिमीटर मिळतो. सीट कव्हरला ५,००० घालणारा माणूस मीटरचं नाव काढलं की मागे सरकतो, हे काही मला कळलेलं नाही.

पहिलं माप अर्थिंगचं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी चालू, हेडलाइट चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह जोडणारी तार, खोला, घासा, परत घट्ट आवळा. पुन्हा सांगतो, ०.१ व्होल्ट.

आता शिंदखेड्याकडच्या एका कापूसवाल्या काकांची गोष्ट ऐका. २००४ची पेट्रोल गाडी. मुलगी संभाजीनगरला दिलेली, त्यामुळे धुळे, चाळीसगाव, कन्नड घाट ही वाट ठरलेली. मे महिना, भर दुपार. घाट अर्धा चढला की गाडी बंद. धक्का नाही, मिसिंग नाही, बटण दाबून दिवा मालवावा तशी बंद. काका कडेला सावलीत बसायचे, पाऊण तासाने सेल्फ मारला की गाडी चालू. पहाटे निघाले तर संभाजीनगरपर्यंत तक्रार नाही. “तपनी का बंद पडस, थंडी व्हयनी का चालू व्हस,” काका ज्याला त्याला सांगायचे. कुणी म्हणालं, घाटात नारळ फोडा. तोही फोडून झाला.

फिटरने आधी फ्युएल पंप बदलला. त्याचंही अगदीच चुकलं नव्हतं. बंद पडलेल्या गाडीत सेल्फ मारताना पंपाचा आवाज येत नव्हता. मग प्लग, मग कॉइल. अकरा हजार गेले. स्कॅनर लावला तर कोडच नाही.

चाळीसगावच्या एका वायरमनने मात्र वेगळं केलं. तो म्हणाला, गाडी थंड करून माझ्याकडे आणू नका, बंद पडेल तिथे मला बोलवा. तो घाटात गेला. आधी बोनेट उघडलंच नाही. काकांना म्हणाला, सेल्फ मारा, आणि स्वतः आरपीएमच्या काट्याकडे बघत राहिला. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर चिकटलेला. बऱ्याच गाड्यांत सेल्फवर तो काटा थोडा तरी उचलतो, २०० च्या आसपास.

मग त्याने गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलसमोर बसवलेल्या क्रँक सेन्सरचा कपलर काढला. दोन वायरींचा सेन्सर. मीटर ओहमवर लावला तर ओपन, काहीच आकडा नाही. ओलं फडकं त्यावर ठेवलं, बिडी ओढली, फडकं पुन्हा ओलं केलं. दहा-बारा मिनिटांनी मीटरवर ५४० ओहम. कपलर लावला, सेल्फ मारला, गाडी चालू.

त्या सेन्सरच्या पोटात केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तार आतून तुटलेली होती. गरम झालं की टोकं लांब जायची, थंड झालं की परत टेकायची. आणि इंजिन फिरतंय हे ईसीएमला याच सेन्सरवरून कळतं. सिग्नल नाही, म्हणजे त्याच्या लेखी इंजिन उभंच आहे. मग तो पंपही चालवत नाही, स्पार्कही देत नाही, आणि उभ्या इंजिनाचा कोड तरी कशाला टाकेल? म्हणून पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही एकदम गेले तर आधी क्रँक सेन्सर बघा. दोन्ही एकदम, हे लक्षात ठेवा. मात्र तीन वायरींचा सेन्सर असेल तर ही ओहमची परीक्षा लावू नका. तो बहुतेक वेळा हॉल पद्धतीचा, म्हणजे आत गुंडाळीऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला असतो, त्याची तपासणी वेगळी.

जुना सेन्सर वायरमनने नंतर टपरीवर नेला, गरम पाण्याच्या ग्लासात त्याचं टोक बुडवलं आणि मीटर लावून काकांना दाखवला. आकडा हलला, उडाला, गायब. काका बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत होते.

वेळ संपत आली, म्हणून टेम्परेचर सेन्सरचं थोडक्यात. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी द्या, इंजिन चालू करू नका. स्कॅनरवर कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. कुलंट उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटली किंवा कपलर सुटला. सेन्सर काढून मोजलात तर बऱ्याच गाड्यांत २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशांना ३०० च्या आसपास.

आणि ऊन फार म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायची आपल्या खानदेशातली खोड आता सोडा. इंजिन नीट तापतच नाही, ईसीएम थंडीच्या हिशोबाने पेट्रोल ओतत राहतो, आणि शिव्या पेट्रोल पंपवाल्याला बसतात.

नवा क्रँक सेन्सर बसवताना जुन्याच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस भोकाजवळ राहिला असेल तर पुसून घ्या, रबरी रिंगला तेलाचा एक थेंब लावा आणि वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधा. नमस्कार.