धुराड्यातली पोरं आणि लॉर्ड शॅफ्ट्सबरी

श्रोतेहो, नमस्कार.

1875 सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ फुलबर्न इथं मनोरुग्णांचं एक मोठं इस्पितळ होतं. तिथलं धुराडं साफ करायला जॉर्ज ब्रूस्टर नावाच्या अकरा-बारा वर्षांच्या पोराला आत चढवलं. आतली वाट अरुंद आणि काजळीनं भरलेली. पोरगं मध्येच अडकलं. भिंत फोडून त्याला बाहेर काढलं, पण ते काही वाचलं नाही. त्याच्या मालकाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आता यातली मेख ऐका. धुराड्यात पोरं चढवायला कायद्यानं बंदी होती, आणि ती 1840 पासून होती. 1864 मध्ये कायदा आणखी कडक केला होता. दोन्ही वेळा त्यासाठी झटणारा माणूस एकच, लॉर्ड शॅफ्ट्सबरी. आणि देशभरातल्या मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षही तेच! त्यांच्या एका कामाच्या छपराखाली त्यांच्याच दुसऱ्या कामाचे धिंडवडे निघाले होते. म्हातारे 73 वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी तिसरा कायदा करून घेतला. या वेळी धुराडी साफ करण्याचा धंदा करणाऱ्याला दरवर्षी परवाना लागणार होता, आणि कायदा पाळला जातो की नाही हे पोलीस पाहणार होते. मग मात्र पोरं धुराड्याबाहेर आली.

अँथनी ॲशली-कूपर हे त्यांचं मूळ नाव. जन्म 1801, लंडनमधल्या उमरावांच्या वस्तीत. घरी पैसा होता, मान होता, माया तेवढी नव्हती. आई-वडील मुलांकडे ढुंकूनही पाहत नसत. मारिया मिलिस नावाच्या घरच्या नोकराणीनं या पोराला जवळ घेतलं, प्रार्थना शिकवली. ती लवकर वारली आणि जाताना आपलं सोन्याचं घड्याळ त्याच्यासाठी ठेवून गेली. पुढं आयुष्यभर त्यांनी तेच घड्याळ वापरलं, आणि कुणी विचारलं तर सांगत, माझ्या जगातल्या सर्वांत जवळच्या माणसानं दिलंय. हॅरोच्या शाळेत असताना दारू प्यालेल्या खांदेकऱ्यांच्या हातून एका गरिबाची शवपेटी खाली पडताना त्यांनी पाहिली आणि तिथंच गरिबांसाठी जगायचं ठरवलं, असं त्यांच्या चरित्रात हमखास सांगतात. मला विचाराल तर त्या प्रसंगापेक्षा ते घड्याळ अधिक बोलकं आहे.

1826 मध्ये, पंचविशीत, ते पार्लमेंटात गेले. वुडस्टॉकचा मतदारसंघ म्हणजे मामाच्या खिशातला. मामा मार्लबरोचे ड्यूक. त्यांनी नाव घ्यायचं आणि मतदारांनी माना डोलवायच्या. पण पुढच्याच वर्षी हा तरुण मनोरुग्णांच्या चौकशी समितीवर गेला. लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या एका खासगी वेड्यांच्या घरात त्या समितीला काय आढळलं? शनिवारी संध्याकाळी रुग्णांना उघडंच, पेंढ्यावर साखळीनं बांधून टाकायचे आणि सोडायचे सोमवारी सकाळी. मग थंडीतसुद्धा गार पाण्यानं धुवायचे. कारण काय, तर रविवारी नोकरांना सुट्टी. 1828 मध्ये त्यांनी या विषयावर भाषण केलं, तेव्हा आवाज इतका खोल गेला होता की धड ऐकूही येत नव्हतं. पण मनोरुग्णांचं ते काम त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे 57 वर्षं, सोडलं नाही.

गिरण्यांचा प्रश्न त्यांच्याकडं चालून आला. दहा तासांच्या दिवसासाठी लढणारे मायकेल सॅडलर निवडणुकीत पडले आणि कामगारांच्या बाजूनं एक पाद्री या लॉर्डांकडं आला. 1833 चा कायदा त्यांच्या मनासारखा झाला नाही. तरी नऊ वर्षांखालची मुलं कापडगिरण्यांतून बहुतांशी बाहेर काढली गेली, आणि मुख्य म्हणजे चार सरकारी निरीक्षक नेमले गेले. चारच, अख्ख्या देशाला! पण नुसत्या कागदावरच्या कायद्याला गिरणीमालक भीक घालत नव्हते. वही घेऊन दारात उभा राहणारा सरकारी माणूस ही नवीन गोष्ट होती.

1842 मध्ये खाणींचा अहवाल आला. त्यात चित्रं होती. कमरेला साखळी बांधून, रांगत कोळशाची गाडी ओढणारी पोरं चित्रात पाहून लंडनच्या दिवाणखान्यांत खळबळ उडाली. आठ वर्षांची एक मुलगी भुयारात हवेचं दार उघडझाक करायला बसत असे. पहाटे चारला आत, संध्याकाळी पाचला बाहेर. चौकशी करणाऱ्यांना ती म्हणाली, काम जड नाही, पण दिवा नसतो, भीती वाटते. उजेड असला तर मी गाते, अंधारात गायची हिंमत होत नाही. शॅफ्ट्सबरींनी, तेव्हाच्या लॉर्ड ॲशलींनी, यावर दोन तास भाषण केलं. बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना खाणीत उतरवायला बंदी झाली. त्यांना मुलग्यांसाठी तेरा वर्षांची अट हवी होती. खाणमालक लॉर्डांनी ती खाली ओढली.

आता हे सगळं ऐकून त्यांना लोकशाहीवादी समजाल, तर तसं नाही हं. मताधिकार वाढवायला त्यांचा विरोध, गुप्त मतदानालाही विरोध. गरिबाचं दुःख दूर करावं, पण राज्य त्याच्या हाती देऊ नये, असा हा जुना सरंजामी जीव. विरोधक विचारत, गिरण्यांवर तोंडसुख घेता, मग तुमच्या डॉर्सेट परगण्यातले शेतमजूर कसे राहतात? प्रश्न वर्मी लागणारा होता. 1843 मध्ये त्यांनी जमीनदारांसमोरच ते मान्य केलं, आणि वडील खवळले. 1851 मध्ये वडिलांमागं ते शॅफ्ट्सबरीचे अर्ल, म्हणजे मोठे उमराव, झाले, तेव्हा हाती आली ती कर्जानं पोखरलेली इस्टेट आणि मोडकी घरं.

आपल्याकडं 1857 चा उठाव झाला तेव्हा हेच गृहस्थ सूडाची भाषा बोलत होते. इंग्रज स्त्रियांच्या विटंबनेबद्दल त्यांनी एका पत्राचा दाखला दिला. मागाहून, ते पत्र आपण स्वतः पाहिलं नव्हतं, असं त्यांनाच मान्य करावं लागलं. हेही सांगायला हवं.

आणि मुंबईच्या गिरणगावाशी त्यांचा जो संबंध आला, तोही सरळ नाही. 1875 आणि 1879 मध्ये त्यांनी लॉर्ड्‌स सभेत, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, मुंबईच्या गिरण्यांतल्या मुलांचा आणि बायकांचा प्रश्न उभा केला. हवामान कुठलंही असो, लहान मुलाला मोठ्याचं काम झेपत नाही, असा त्यांचा मुद्दा. इथले गिरणीमालक म्हणाले, ही माणुसकी नव्हे, ही लँकेशायरची, म्हणजे इंग्लंडातल्या कापडगिरण्यांच्या मुलखाची, पोटदुखी. मुंबईचं स्वस्त सूत त्यांना नको आहे. त्यात तथ्य होतं. तिथल्या मँचेस्टरवाल्यांनी या प्रश्नाचा पुरेपूर फायदा उठवला. पण शॅफ्ट्सबरींनी तेच मुद्दे लँकेशायरच्याच मालकांच्या तोंडावर चाळीस वर्षं आधीपासून मांडले होते, तेव्हा त्यांना त्या पंक्तीत बसवणं मला पटत नाही. शिवाय मुंबईतही समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे लोक कायद्यासाठी धडपडत होतेच.

1881 मध्ये हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वयाला नऊ तास. शंभराहून कमी कामगार असतील तर कायदा लागूच नाही. मोठ्या माणसांसाठी आणि बायकांसाठी कामाच्या तासांना मर्यादाच नाही. ते काम मग कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतलं. 1884 मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडं गेला. आठवड्याला एक सुट्टी ही त्यातली पहिली मागणी. शॅफ्ट्सबरी पुढच्याच वर्षी, 1 ऑक्टोबर 1885 ला वारले. कायद्यानं आठवड्याची सुट्टी मिळायला 1891 साल उजाडलं.

नमस्कार.