किल्ली देण्याआधी

(दृश्य: इंदूर, टिळकनगर. घरासमोर उभी असलेली पांढरी कार. क्रमांकपट्टीवर एमपी 09.)

एमपी 09 ही इंदूरच्या परिवहन कार्यालयाची खूण आहे, आणि ही खूण मिरवणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्या दरवर्षी देवास, उज्जैन, धार या बाजूंना नव्या मालकांकडे जातात. टिळकनगर किंवा सुदामानगर भागातील मराठी घरांतून पूर्वी गाडी विकली जाई ती बहुधा ओळखीत: शेजाऱ्यांच्या जावयाला, कचेरीतील सहकाऱ्याला किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात कुणीतरी शब्द टाकलेल्या गरजूला. थोडे पैसे मागे राहिले तरी माणूस कुठे जाणार नाही, याची खात्री असे. आज मोबाइलवर जाहिरात टाकली की तासाभरात दहा अनोळखी माणसांचे फोन येतात, आणि त्यांपैकी नऊ जण सरळ व्यवहाराचे असले तरी दहाव्याला ओळखण्याचे कोणतेही साधन विकणाऱ्यापाशी नसते. म्हणून माणूस पारखण्यापेक्षा पैशाची वाट आधी ठरवावी, असे आम्हाला वाटते. ही वाट खरेदीदाराच्या स्वतःच्या खात्यातून निघून विक्रेत्याच्या खात्यात संपली पाहिजे, आणि ती संपेपर्यंत किल्ली विक्रेत्याच्याच हातात राहिली पाहिजे.

पहिला धोका सौदा ठरण्याआधीच, इसाराच्या वेळी उभा राहतो. इंदूरजवळच महूची मोठी लष्करी छावणी असल्यामुळे "मी महूला फौजेत आहे, सुटी मिळत नाही, गाडी न बघताच घेतो" असे कुणी सांगितले, तर ते या शहरात सहज खरे वाटते. देशभर वापरली जाणारी ही जुनी बतावणी आहे, आणि सैनिकांविषयीच्या आपल्या आदराचा ती गैरफायदा घेते. त्यानंतर एक क्यूआर कोड येतो आणि "इसार जमा करून घेण्यासाठी हा स्कॅन करून पिन टाका" असे सांगितले जाते. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. ही एकच गोष्ट घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असली, तर या सापळ्यात कुणी अडकणार नाही. दहा हजारांऐवजी चुकून जास्त रक्कम गेली, वरचे पैसे लगेच परत पाठवा, असा फोन आला तरी घाईने काहीही परत पाठवू नये. आधी आपल्या खात्यात खरोखर काय जमा झाले आहे ते पाहावे, आणि खरेच जास्त आले असेल तर आपल्या बँकेमार्फतच ते ज्या खात्यातून आले तिथे परत करावे.

(दृश्य: दिवाणखाना. टेबलावर दोन फोन. कॅमेरा एका पडद्यावर स्थिरावतो.)

व्यवहाराच्या दिवशी काय घडते ते आता जवळून पाहू. खरेदीदार तरुण आहे, नम्र आहे, आणि घरातील निवृत्त शिक्षिकेला तो काकू म्हणतो. "काकू, पैसे टाकले बघा, मेसेज आला असेल." फोन वाजतो. पडद्यावर रक्कम आहे, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आहेत, बँकेचे नावही आहे. तरुणाच्या फोनवर हिरवी खूण असलेले चित्र आहे. संध्याकाळ होत आली आहे, गाडी घेऊन त्याला देवासला पोहोचायचे आहे, आणि एवढ्या चांगल्या मुलाला ताटकळत ठेवणे काकूंना जड जाते.

या क्षणी संदेश पाठवणाऱ्याच्या नावाकडे पाहायला हवे. बँकेचा संदेश अक्षरी नावाने येतो, आणि तो दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आला असेल तर तो कुणीही बसल्या जागी लिहिलेला असू शकतो. हिरवी खूण दाखवणारी बनावट अॅप्सही आहेत. चित्र खरे असले तरी ते पुरेसे नाही, कारण रक्कम पुढच्या तारखेला पाठवण्याची नुसती सूचना बँकेला दिल्यावरही पडद्यावर व्यवहार स्वीकारल्याचे दिसते. म्हणून काकूंनी आलेल्या संदेशातील कोणत्याही दुव्याला हात न लावता आपल्या बँकेचे अॅप स्वतः उघडावे, खात्याचा उतारा पाहावा, आणि शिल्लक आधी किती होती व आता किती आहे याची वजाबाकी करावी. अॅप वापरत नसतील तर शाखेत जाऊन पासबुकात नोंद करून घ्यावी. शाखा बंद असेल तर गाडी उद्या जाईल. रीतसर व्यवहार करणाऱ्याला एक रात्र थांबण्याचा त्रास होतो, नुकसान होत नाही.

रक्कम कोणत्या मार्गाने घ्यावी, हा प्रश्न सौदा ठरतानाच सोडवलेला बरा. रोखीला कायद्याचीच मर्यादा आहे. 1 एप्रिल 2017 पासून आयकर कायद्यानुसार एका व्यवहारापोटी 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही. स्वीकारली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला होतो. रक्कम दोन दिवसांत विभागून घेतली तरी व्यवहार एकच राहतो. लहान रक्कम रोख घ्यायचीच असेल तर ती बँकेच्या खिडकीवरच भरून घ्यावी, म्हणजे नोटा मोजण्याचे आणि पारखण्याचे काम रोखपालाकडून होते.

चेक दिसायला भारदस्त असतो. तो न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, हे खरे. परंतु त्यासाठी चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, पुढचे पंधरा दिवस वाट पाहावी लागते, मग न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तोवर गाडी कुठच्या कुठे गेलेली असते. डिमांड ड्राफ्टवर पुष्कळांचा आंधळा विश्वास आहे. खरा ड्राफ्ट सहसा परत येत नाही, पण बनावट ड्राफ्ट छापता येतो. सप्टेंबर 2018 पासून ड्राफ्टवर तो काढणाऱ्याचेही नाव छापले जाते. ते खरेदीदाराच्या पॅन कार्डावरील नावाशी ताडून पाहावे, आणि ड्राफ्टवरील दूरध्वनीवर न विसंबता तो काढणाऱ्या शाखेत स्वतः जाऊन खातरजमा करावी.

आमच्या मते दोन लाखांहून मोठ्या सौद्यासाठी सर्वांत स्वच्छ मार्ग आरटीजीएसचा, म्हणजे मोठी रक्कम एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पाठवण्याच्या सेवेचा आहे. त्यातून किमान 2 लाख रुपये पाठवावे लागतात, 14 डिसेंबर 2020 पासून ही सेवा आठवड्याचे सातही दिवस चोवीस तास चालते, आणि रक्कम साधारण अर्ध्या तासात खात्यात उमटते. एनईएफटी या बँकांच्या दुसऱ्या सेवेची रक्कम दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी पुढे सरकते, त्यामुळे तिला थोडा अधिक वेळ द्यावा. आयएमपीएस या तत्काळ पैसे पोचवणाऱ्या सेवेने एका वेळी 5 लाखांपर्यंत पाठवता येतात. बहुतेक बँका नव्याने जोडलेल्या खात्यावर सुरुवातीच्या तासांत मोठी रक्कम पाठवू देत नाहीत, म्हणून खरेदीदाराला आदल्या दिवशीच खाते जोडून एक रुपया पाठवायला सांगावे. तो रुपया कुणाच्या नावाने आला, हेही त्यातून कळते.

(दृश्य: खात्याचा उतारा. एका ओळीतील पाठवणाऱ्याचे नाव ठळक होते.)

या नावापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पैसे खरोखर मिळूनही विक्रेता अडचणीत येतो तो इथेच. यूपीआयने दोन व्यक्तींमध्ये साधारणपणे दिवसाला एक लाखच पाठवता येतात. चार लाखांची गाडी घेणारा माणूस मग म्हणतो की एक लाख मी टाकतो, बाकीचे माझा मेहुणा आणि दोन मित्र टाकतील. रक्कम पूर्ण जमा होते, सर्वांचे समाधान होते. पुढे कधीतरी त्यांतील एक खाते एखाद्या सायबर गुन्ह्यातील निघते, दूरच्या राज्यात कुणीतरी तक्रार केलेली असते, आणि पोलिसांच्या पत्रावरून बँक तो पैसा जिथे जिथे गेला तिथे तिथे रोखून धरते. कधी तेवढीच रक्कम गोठते, कधी संपूर्ण खाते. ज्या खात्यात निवृत्तिवेतन येते आणि ज्यातून औषधपाण्याचा खर्च चालतो, ते खाते कसलाही अपराध नसताना बंद पडणे ही वृद्ध जोडप्यासाठी फार मोठी आपत्ती आहे. म्हणून मालकी बदलण्याच्या अर्जावर (फॉर्म 30) ज्याचे नाव लागणार आहे त्याच्याच खात्यातून पैसे घ्यावेत, आणि वडील मुलासाठी पैसे देत असतील तर तसे नात्यासह लिहून त्यांची सही घ्यावी.

गाडीवर कर्ज बाकी असेल तर बँकेकडून बाकीचे लेखी पत्र मागवून तेवढी रक्कम खरेदीदाराने थेट कर्जखात्यात भरावी आणि उरलेली विक्रेत्याला द्यावी. बँकेचे ना हरकत पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 मिळेपर्यंत गाडी नावावर होत नाही, हे दोघांनीही आधीच लेखी मान्य करावे.

आता कागद. फॉर्म 29 (विक्रीची सूचना) आणि फॉर्म 30 वर सह्या पैसे दिसल्यानंतरच कराव्यात, आणि कोऱ्या फॉर्मवर तर कधीच करू नयेत, दलाल कितीही ओळखीचा असो. गाडी पुण्याच्या भाच्याला दिली तरी राज्य बदलत असल्यामुळे फॉर्म 28 चे ना हरकत प्रमाणपत्र लागतेच. ताबा पावतीवर गाडीचा, इंजिनाचा आणि चॅसिसचा क्रमांक, मिळालेली रक्कम, बँकेच्या व्यवहाराची ओळख सांगणारा यूटीआर क्रमांक, दोन किल्ल्या दिल्याची नोंद, आणि तारखेबरोबर वेळही मिनिटापर्यंत लिहावी. संध्याकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी दिलेल्या गाडीने 7 वाजता सिग्नल तोडला, तर चलान कुणाचे हे त्या ओळीवरून दाखवता येते. मात्र ही पावती म्हणजे मालकी बदलल्याची नोंद नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून पुढे गेलेली असो. म्हणजे किमतीचे चार लाख सुखरूप मिळाले, तरी नाव न बदलल्यास त्याहून मोठी रक्कम देण्याची पाळी येऊ शकते. राज्यातल्या राज्यात विक्री झाली असेल तर विक्रेत्याने चौदा दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते, आणि हे काम खरेदीदाराच्या भरवशावर सोडू नये.

एवढी काळजी घेऊनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता त्याच तासाला 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

(दृश्य: समोरच्या काचेवरून फास्टॅग काढणारा हात.)

गाडी गेल्यावरही एक वाट उघडी राहते. फास्टॅग (टोल आपोआप कापणारी पट्टी) विक्रेत्याच्या डिजिटल पाकिटाशी किंवा खात्याशी जोडलेला असतो, आणि तो काचेवर तसाच राहिला तर नव्या मालकाचा टोल जुन्या मालकाच्या पैशातून कापला जातो. तो देणाऱ्या बँकेकडे अर्ज करून बंद करावा, म्हणजे अनामतही परत मिळते. विम्यातील नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे विमा नावावर करून देताना त्याचे प्रमाणपत्र कंपनीकडून मागून घ्यावे. पुढच्या गाडीच्या विमा हप्त्यात ते कामी येते. महिनाभराने परिवहन विभागाच्या 'वाहन' नावाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नाव बदलले का ते पाहावे, आणि बदललेले नसेल तर ताबा पावतीची प्रत जोडून परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.