मारिओच्या पहिल्या वीस सेकंदांत काय काय घडतं?

नमस्कार मंडळी! आज मला एका गेमच्या पहिल्या वीस सेकंदांबद्दल बोलायचंय. गेम तुम्ही सगळ्यांनी खेळलाय. पण आधी जरा एका पुरस्काराचं सांगते, कारण हा विषय मला तिथूनच सुचला.

१२ डिसेंबर २०२४. लॉस एंजेलिसमध्ये 'द गेम अवॉर्ड्स'चा सोहळा. 'गेम ऑफ द इयर'साठी सहा नावं होती. 'ब्लॅक मिथ: वूकोंग'सारखा भव्य गेम, 'फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ', 'मेटाफर', 'एल्डन रिंग'चा जोडभाग, पत्त्यांवर बेतलेला 'बलाट्रो'. आणि जिंकला कोण? 'ॲस्ट्रो बॉट'. एक छोटासा पांढरा रोबो, उड्या मारत हरवलेले मित्र शोधतो, बस्स.

त्या रात्री किती जण चिडले! "हा तर लहान मुलांचा गेम आहे", "वूकोंगवर अन्याय झाला". इथे शेवटच्या निकालात ९० टक्के वजन परीक्षकांच्या मतांना आणि १० टक्के तुमच्या-आमच्या मतांना असतं, त्यामुळे ही भांडणं दरवर्षी होतात. वूकोंगला प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार मिळालाच. पण माझं मत विचाराल तर मुख्य पुरस्कार योग्य हातात गेला. का ते सांगते.

पुरस्कार घ्यायला 'ॲस्ट्रो बॉट' बनवणाऱ्या सोनीच्या 'टीम असोबी'चे निकोलस दुसे आले. भाषणात त्यांनी लहानपणी खेळलेल्या एका गेमचे आणि तो बनवणाऱ्या कंपनीचे आभार मानले, पण कंपनीचं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. सोनीच्या गेमला मिळालेला पुरस्कार हातात धरून माणूस सोनीच्या प्रतिस्पर्धी निन्टेन्डोला नमस्कार करत होता, हे सगळ्यांना कळलं. मला ते फार आवडलं.

तर आता तो जुना गेम. 'सुपर मारिओ ब्रदर्स', जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ ला आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जी 'टीव्ही गेम'ची यंत्रं होती, ती बहुतेक निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल. मे महिन्याची सुट्टी, दुपारी खाली सोडलेले पडदे, कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. "एक लाइफ तुझी, एक लाइफ माझी" या करारावर आमच्या अख्ख्या बिल्डिंगची पोरं एका टीव्हीसमोर बसायची. आणि लक्षात घ्या, आम्हाला कुणीच काही शिकवलं नव्हतं. सूचनांचं पुस्तक नव्हतं. पडद्यावर इंग्रजी, तेही दोन-चार शब्द. मग आम्ही शिकलो कसे?

(स्क्रीनवर पहिली स्टेज, थांबवलेली.)

हे बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा आहे, तोंड उजवीकडे. उजवीकडे मोकळं मैदान. जायचं कुठे, हे सांगायला बाण लागत नाही. चार पावलं टाकली की वर एक चमकणारा चौकोन, त्यावर प्रश्नचिन्ह. आणि समोरून भुवया आक्रसून चालत येणारा तपकिरी गूम्बा. आता तुम्ही काय कराल? काहीच केलं नाही तर तो येऊन धडकणार आणि तुम्ही मरणार. पण मेलात तरी नुकसान कितीचं? पाच सेकंदांचं. पुन्हा तिथूनच सुरुवात. दुसऱ्यांदा उडी मारता. कदाचित डोकं चौकोनावर आपटतं आणि नाणं निघतं. कदाचित गूम्ब्याच्या डोक्यावर पडता आणि तो चपटा होतो. दोन्हींतलं काहीही झालं तरी एक धडा पक्का.

गूम्ब्याची गोष्ट सांगायलाच हवी. मारिओचा गेम घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी हा शत्रू गेममध्ये अगदी शेवटी टाकला. आधी कासवच होतं, पण कासवाला दोनदा मारावं लागतं, आधी उडी, मग लाथ. पहिल्याच भेटीत ते जड जात होतं. मग सोपा शत्रू हवा, पण मेमरी संपत आलेली! अख्खा गेम ४० किलोबाइटचा. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. म्हणून गूम्ब्याचं एकच चित्र काढलं, आणि तेच डावं-उजवं उलटत राहिलं की तो चालतोय असं दिसतं. आता परत बघा, पाय बघा त्याचे. ढग आणि झुडपंही एकाच आकाराची आहेत, फक्त रंग वेगळा.

पुढे मशरूम. दुसऱ्या प्रश्नचिन्हातून ते निघतं आणि उजवीकडे घसरत जातं. नुकतेच गूम्ब्यामुळे मेलेले असता, त्यामुळे हेही शत्रूच वाटतं. पण ते हिरव्या पाइपला आपटून उलटं फिरतं, तुमच्याच दिशेने येतं. वर विटा आहेत, त्यामुळे उडी मारून चुकवायला गेलात तर डोकं विटेला लागतं आणि बहुतेक वेळा मशरूमवरच येऊन पडता. मारिओ मोठा होतो! ते चांगलं असतं हे तुम्हाला गेमने सांगितलं नाही, तुमच्या अंगावर आणून घातलं.

आणि उडी. बटण जितकं दाबून धराल तितकी उंच. हवेत असतानाही पुढे-मागे सावरता येते. म्हणून उडी चुकली की "मी चुकले" असं वाटतं, "गेम वाईट आहे" असं नाही.

आता 'ॲस्ट्रो बॉट'कडे परत या. त्याच्या उडीला तसंच वजन आहे. उडी मारून बटण परत दाबून ठेवलं की पायांतून लेझर निघतात, तो क्षणभर तरंगतो आणि खालचा शत्रू त्याच लेझरने मरतो. सावरायची सोय आणि हत्यार, दोन्ही एकाच बटणात. वाळू, पत्रा, गवत, प्रत्येकावरचं पाऊल कंट्रोलरमधून तळहाताला वेगळं जाणवतं. लांबलचक कथा नाही, तुम्हाला थांबवून पाठ पढवणं नाही. तीनशे रोबो सोडवायचे, आणि कसे ते हातांना आपोआप कळत जातं.

गेल्या दिवाळीत मी मारिओची तीच पहिली स्टेज लावून आईच्या हातात कंट्रोलर दिला. तिने आयुष्यात तो कधी धरला नव्हता. मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. पहिल्यांदा गूम्ब्याला धडकली, "अगं बाई, गेला की!" तिसऱ्यांदा तो चपटा झाला. मशरूमपासून पळाली, तरी मोठी झालीच. मधल्या खड्ड्यांत सात-आठ वेळा पडली. स्टेजच्या शेवटाकडे दगडी पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मध्ये जमीन आहे, तिथे ती पडली, काही झालं नाही, उडी मारून वर आली. दुसऱ्या जोडीच्या मध्ये तळ नाही. तिथे कडेला येऊन थांबली. चष्मा वर केला. दोन पायऱ्या मागे उतरली, धावत आली आणि मारली उडी.

झेंड्याच्या खांबावरून मारिओ खाली घसरत होता, तेवढ्यात तिने विचारलं, "पुढची स्टेज लगेच लागते ना?"